गाजर गवताचे भाऊबंद

३ ऑक्टोबर १९८०, शुक्रवार

आज वर्तक आला. ॲलर्जीच्या दवाखान्यात, माझ्याच खुर्चीसमोर.

डॉ. सबनीसांनी आतून कागद पाठवला, "सुमन, यांची पूर्ण यादी टोच." कागदावरचं नाव वाचलं, मान वर केली, तर तोच. सिव्हिल लाइन्सचा. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, मान लाल आणि खरबरीत, नाकाला रुमाल. सहा वर्षांत म्हातारा झाला मेला. मला ओळखलं नाही. माळ्याच्या पोरीकडे कोण बघतं, आणि तेव्हा मी दोन वेण्या घालायची.

हात पुढे कर म्हटलं. म्हणजे 'करा' म्हटलं, पगार घेते ना. अठरा झाडांच्या परागकणांचे अठरा अर्क, हातावर ओळीने थेंब, प्रत्येक थेंबातून सुईची जराशी टोच. मग पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात विचारतो, "शिक्षण काय तुमचं?" म्हटलं, बी.एस्सी., बॉटनी. "वा वा. मलाही झाडांचा फार नाद." नाद म्हणे. जीभ चावून बसले.

सतरा थेंब गप्प. गाजर गवताच्या थेंबावर गांध उठली, टपोरी, लालभडक. मोजली, पंधरा मि.मी. एवढी मोठी आजवर एकाच माणसाच्या अंगावर पाहिली आहे.

येताना सीताबर्डीवरून बुंदीचे लाडू घेतले. माय म्हणे, "आज काहून वं?" म्हटलं, असंच.

४ ऑक्टो.

लिहून ठेवते. राग थंडा होऊ नये म्हणून.

बाबा अकरा वर्षं व.च्या बंगल्यावर माळी होते. (यापुढे नुसतं व. पूर्ण नावावर शाई कोण घालवतं.) शेवंतीच्या साठ कुंड्या. काश्या, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब, लावायच्या, कळ्या खुडायच्या, काड्या बांधायच्या, सगळं बाबांनी. डिसेंबरात फुलांच्या प्रदर्शनात कप मिळायचा तो व.ला. मग बाबांच्या हातांना भेगा पडायला लागल्या. चेहरा जाड झाला, कानाच्या पाळ्या सुजून लोंबल्या. दरवर्षी पावसाळा सरला की जास्त. ७४ च्या नोव्हेंबरात व.ची बायको व्हरांड्यातून ओरडली, "गणपत, कुंड्यांना हात लावू नकोस, तिथंच उभा राहा."

व.ने डॉक्टरला दाखवलं नाही, बाबांना एक शब्द विचारला नाही. फोन केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाचपावलीत आमच्या गल्लीत महारोग्यांना न्यायची जीप. बाबा जेवत होते, उष्ट्या हाताने बसवून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आठ दिवस तपासलं, महारोग नाही म्हणाले, तशी चिठ्ठी देऊन परत पाठवलं. भले होते ते. पण जीप सगळ्या गल्लीने पाहिली आणि चिठ्ठी एकानेही वाचली नाही. माझ्या बहिणीची, बेबीची, कळमेश्वरची सोयरीक, सुपारी फुटलेली, आठवड्यात मोडली. शेजारची पार्वताबाई आमच्यानंतर नळाला हंडा लावायच्या आधी तोटी राखेने घासते, अजूनही. बाबांना त्या दिवसापासून कुठे काम नाही.

आणि व.ने काय केलं, तर कुंड्या फिनाइलच्या पाण्याने धुवून घेतल्या. बाबांची अकरा वर्षं बादलीभर फिनाइलने पुसली. नंतरच्या माळ्याने सांगितलं हे.

बाबांना व. आल्याचं सांगितलं नाही अजून.

८ ऑक्टो., बुध.

व. रिपोर्टला. डॉ.नी समजावलं: गाजर गवत, त्याचे कण हवेतून येतात, नाकात आणि कातडीवर बसतात, आवार साफ करून घ्या. तो मान डोलावतो. मग स्वतःच विचारलं त्याने, "माझ्याकडे शेवंती आहे, साठ कुंड्या. ती चालेल ना?" डॉ. म्हणाले, शेवंतीचे कण चिकट, ते माश्या नेतात, वाऱ्यावर उडत नाहीत, म्हणून आपल्या यादीतही नाही. खुशाल ठेवा.

मी ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक अक्षर बोलले नाही.

मला माहीत आहे. मागच्या डिसेंबरात दवाखान्यातलंच सामान वापरून, डॉ. दिल्लीला गेले होते त्या आठवड्यात, शेवंतीचा अर्क मी केला. फुलं वाळवली, कण चाळले, ईथरने धुतले, सगळं रीतसर. बर्फाच्या थर्मासमधून घरी नेला आणि बाबांच्या पाठीवर, जिथे कातडी चांगली होती तिथे, तीन थेंब टोचले. गाजर गवत, शेवंती, सूर्यफूल. तिन्ही उठले. शेवंतीचं फूल दोन दिवस पट्टीखाली बांधून ठेवलं तर तिथे फोड आले. सूक्ष्मदर्शकाखाली तिघांचे कण सारखेच काटेरी, गाजर गवताचे काटे आखूड, सूर्यफुलाचे लांब. एकाच घराण्यातले आहेत तिघं. एकाशी वैर झालं की शरीर बाकीच्यांना विचारत बसत नाही, चेहरेपट्टी बघून डूख धरतं. मी पण तशीच आहे. व.चं वैर आहेच, पण त्याची बायको, त्याचा ड्रायव्हर, त्याच्या बंगल्याचं फाटक, सगळ्यांचा तिटकारा येतो.

डॉ.ना हे सांगितलं नाही कारण चोरून केलं. नोकरी जाईल. घरात पगार माझा एकटीचाच. एवढं कारण ऑक्टोबरपर्यंत होतं. आता दुसरं आहे.

१६ ऑक्टो.

इतवारीची एक फूलवाली, पन्नाशीची, हात सोलवटलेले, नाक वाहून राहिलं. गाजर गवतावर आठ मि.मी. डॉ.नी तेच सांगितलं तिला, गवतापासून लांब राहा. ती म्हणे, "डाक्टरसायेब, माह्या दुकानात गवत कुठून येईन?"

जिन्यात गाठलं तिला. म्हटलं, मावशी, शेवंती बंद करा. झेंडूही त्यांच्याच नात्यातला, तोही कमी करा. गुलाब, मोगरा विका.

"बाई, दसरा तोंडावर हाये. झेंडू नाई विकू तं खाऊ काय?"

मग हाताला फडकं बांधा, हार ओवताना तोंड लांब ठेवा, आणि शेवंती तरी नका म्हटलं. हो म्हणाली. अशा सगळ्यांना मी जिन्यात गाठते, वर्षभर गाठतेच आहे. व.लाही तोच जिना उतरावा लागतो. काल तो उतरत होता तेव्हा मी कठड्याला टेकून शेंगदाणे खाल्ले.

दसरा

संध्याकाळी गल्लीत सोनं वाटणं. पोरं, बाया, सगळे घरोघरी. आमच्याकडे आले तर पानं उंबऱ्यावर ठेवली आणि तिथूनच हात जोडले. बाबांच्या हातात कोणी दिलं नाही. बाबा नवीन सदरा घालून खुर्चीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून. म्हणाले, "राहू दे वं सुमे, उचलून घे." मी एकेक पान उचललं आणि प्रत्येक पानाला व.चं नाव घेऊन शिवी दिली, मनात. बेबी आत भांडी आपटत होती.

नंतर बाबांना सांगितलं, व. दवाखान्यात येतो, त्याला तुमच्यासारखंच झालंय. पापण्या, मान, सगळं.

बाबा म्हणे, "कान?"

म्हटलं, कान अजून नाही.

"होईन," म्हणाले. पुढे काही नाही. त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं ते कळलं नाही, आणि मला राग आला की कळत नाही.

१२ नोव्हें.

व. आज भिंत धरत आला. छातीत शिट्ट्या. साठ कुंड्या आता कळ्यांवर आल्या असणार, काही फुललेल्या. डॉ.ना म्हणतो, "आवारात गाजर गवताचं पान उरलेलं नाही. चार मजूर लावले. शेजाऱ्यांनाही पत्रं लिहिली. सकाळी तर मी बागेतच बसतो, शेवंतीजवळ, तेवढंच बरं वाटतं मनाला. तरी हे असं का?"

डॉ.नी कपाळ चोळलं. वाऱ्याने लांबून येत असेल म्हणाले. गोळ्या वाढवल्या.

शेवंतीजवळ बसतो म्हणे. बस बाबा, बस. अजून जवळ सरक.

आज हसूच येत होतं. ईथरची बाटली जवळजवळ पडली हातून.

१५ नोव्हें.

बाबांशी भांडण. मी म्हटलं, मी त्याला कधीच सांगणार नाही. वाटलं बाबा म्हणतील सांग, पाप लागेल वगैरे, माझी उत्तरं तयार होती. तर म्हणे,

"नोको सांगू. सांगशीन तं थो कुंड्या फेकून देईन."

"काय?"

"थे तांबूस-पिवळी हाये ना, मोठ्या पाकळीची, थे म्या सात वर्सं काशी राखून केली. दुसरीकडं नाई थे. त्यानं फेकली तं संपली."

म्हणजे यांना व.चा राग नाहीच. झाडांची काळजी. त्या माणसाने तुम्हाला जीपमध्ये घातलं, म्हटलं. "थे झालं," म्हणाले, "तिकडं गेलीस तं पायजो, खालची पानं पिवळी पडली का. पानी जास्त देत असन नवा माळी." मी ताट सारून उठले. सहा वर्षं मी एकटीच या घरात राग पोसून राहिले की काय. बेबीला विचारलं. ती म्हणे, ताई, मला तर त्या कळमेश्वरवाल्याचं तोंडही आठवत नाही आता. खोटं बोलते. आठवतं तिला.

२८ नोव्हें.

व.चे कान सुजले. पाळ्या जाड, चकाकतात. चेहरा भरला आहे, कपाळावर वळ्या. बाबांचा ७४ चा चेहरा जसाच्या तसा, फक्त गोरा.

डॉ.ना हळू आवाजात सांगत होता, मी औषधाच्या कपाटाशी: क्लबात पत्त्यांच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. स्वयंपाकीण काम सोडून गेली, कारण सांगितलं नाही. बायकोने त्याचा टॉवेल वेगळा केला. "डॉक्टर, लोकांना वाटतं मला..." पुढचा शब्द काही तोंडातून निघाला नाही त्याच्या. सहा वर्षांपूर्वी फोनवर बरा निघाला होता.

पेढे वाटावेसे वाटले. खरंच वाटले. हे लिहिताना लाजत नाही.

७ डिसें., रवि.

फुलांच्या प्रदर्शनाला गेले. एकटीच. बाबांना चला म्हटलं, ते म्हणाले लोक बाजूला सरतात, गर्दीत जागा होते तेवढी, मजा नाही येत.

शेवंतीचा तंबू. व. मफलर गुंडाळून, काळा चष्मा लावून, आपल्या कुंड्यांमागे उभा. त्याच्या भोवती चांगली चार हात जागा मोकळी. पहिला नंबर त्याचाच. तांबूस-पिवळी मधोमध, परातीएवढी, पाकळी न् पाकळी आत वळलेली. खालची पानं हिरवीगार. (बाबांना सांगितलं. "मंग ठीक हाये," म्हणाले आणि झोपायला गेले.)

बक्षीस द्यायला कोणी मोठ्या बाई होत्या. सगळ्यांना हातात कप दिला. व. पुढे झाला तर बाईंनी त्याच्याकडे बघितलं, कप टेबलावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. त्याने टेबलावरून उचलला. मी पहिल्या रांगेत होते, मुद्दाम. त्याने बघितलं की मी बघते आहे.

यासाठी सहा वर्षं थांबले होते. घरी येईपर्यंत खूश होते. मग जेवण गेलं नाही, पण ते तिथल्या भज्यांमुळे असेल.

१० डिसें., बुध.

दुपारी बारा. ड्रायव्हर आणि बायको, दोघांनी उचलून आणला व.ला. ओठ निळे. डॉ.नी इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला. मी नळी धरून होते. मेला असता तर मला काय. मेला असता तर काही कळायच्या आधीच मेला असता, तेही मला नको होतं.

तासाभराने श्वास ताळ्यावर आला. डॉ. बाहेर बायकोशी बोलत होते. व. पडल्या पडल्या म्हणाला, "प्रदर्शनात होतीस तू. फुलं आवडतात?"

म्हटलं, माझे वडील माळी होते.

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे. गणपत."

डोळे मिटले त्याने. मिटले तर मिटले, मी बोलत राहिले. म्हटलं, त्यांना महारोग नव्हता. तुम्हाला जे झालंय तेच होतं, आजही आहे. आणि तुम्हाला ते अजून का होतं ते मला माहीत आहे. गवत उपटून भागणार नाही. तुमच्या घरातच एक गोष्ट आहे, ती डॉक्टरांच्या यादीत नाही.

"काय आहे ती?"

"येत्या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी पाचपावलीत या. आमच्या दारात उभे राहा. बाबांचे दोन्ही हात हातात घ्या, आणि ती जीप कोणी बोलावली होती आणि ते खोटं होतं, हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगा. मग मी सांगते."

"ही धमकी झाली."

"हो."

बायको आत आली. मी नळी गुंडाळायला लागले.

१२ डिसें.

व. डॉ.ना सांगेल, मला काढतील, या धाकात दोन दिवस. सांगितलं नाही. म्हणजे घाबरला आहे. घाबरू दे.

१४ डिसें., रवि.

आला नाही. ड्रायव्हर आला, लिफाफा घेऊन. टाइप केलेलं प्रमाणपत्र: गणपत याने अकरा वर्षे समाधानकारक काम केले, वर्तणूक चांगली. खाली सही. जीपबद्दल अवाक्षर नाही. बाबा म्हणे, "अक्षर चांगलं हाये." मी त्याच पाकिटात घालून परत दिलं. ड्रायव्हरला म्हटलं, साहेबांना सांग, आमच्याकडे एक चिठ्ठी आधीच आहे, तीही कोणी वाचत नाही.

२१ डिसें., रवि.

आला.

गाडी गल्लीत शिरत नाही, कोपऱ्यापासून चालत आला. मफलर नाही, चष्मा नाही. एवढं मानते त्याला. सुजलेलं तोंड घेऊन अख्ख्या गल्लीतून आला. दारं उघडली, पोरं मागे, पार्वताबाई नळावर हंडा तसाच ठेवून उभी. मी बाबांना काही सांगितलं नव्हतं, फक्त दाढी करायला लावली होती.

व. दारात उभा. श्वास लागलेला, बोलायच्या आधी थांबला. तोंड उघडलं. मी उंबऱ्यात. सहा वर्षांची तहान, आता दोन शब्दांवर आलेली.

आणि बाबा उठले. चटकन पुढे झाले, व.चा हात स्वतःच धरला, उलटा केला, सुलटा केला, भेगा पाहिल्या. कान पाहिले. आणि म्हणाले,

"अरे बाप्पा. सायेब, तुमी शेवंती सोडा. गाजर गवताची भाऊबंद हाये थे. माह्या पोरीनं माह्या पाठीवर टोचून पायलं. शेवंती सोडा, नाई तं मराल."

झालं. फुकटात. मी "बाबा" म्हणून ओरडले तोवर सगळं सांगून झालं होतं.

व. बाबांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. हात बाबांच्या हातातच होता. "शेवंती," एवढंच म्हणाला, दोनदा. मग "बरं" म्हणाला, हात सोडवून घेतला, वळला आणि गेला. जीप नाही, खोटं नाही, काही नाही. त्याला हवं ते मिळालं, तो कशाला बोलतो.

मी म्हटलं, बाबा, काहून सांगितलं? तुम्हीच तर म्हणाला होता नको सांगू.

"तवा त्याचा हात नव्हता पायला म्या," म्हणाले.

आणि गल्लीला काय दिसलं? मोठा साहेब, कान सुजलेला, हाताला भेगा, बाबांचा हात धरून उभा. पार्वताबाई संध्याकाळी नळावर सांगत होती, बेबीने ऐकलं: "पायलं ना, याच्यापासून त्या सायबालेई लागला थो रोग. म्हून तं जाब विचाराले आला होता." रात्रीपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. मी बोलावून आणलेला माणूस, आणि त्याच्यामुळेच बाबांना महारोग आहे याची लोकांना आता पक्की खात्री झाली.

२३ डिसें., मंगळ.

बाबांशी बोलत नाही दोन दिवस. ते मात्र माझ्याशी बोलतात, जेवली का वगैरे.

व.ने डॉ.ना सगळं सांगितलं. धमकी सोडून. डॉ.नी दार लावून घेतलं.

"हे कधी तपासलंस?"

"मागच्या डिसेंबरात. तुम्ही दिल्लीला होता."

"वर्षभर मी लोकांना शेवंती चालेल म्हणून सांगतोय, सुमन."

"मी जिन्यात गाठून खरं सांगत होते सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"एक सोडून."

मी पर्स घेऊनच गेले होते आत, काढलं की निघायचं. तर डॉ. म्हणाले, शेवंती यादीत घाल, एकोणिसावी. तुझ्या वडिलांना घेऊन ये, मी नीट तपासतो. आणि वर्तकांना इंजेक्शनं सुरू करायची आहेत, गाजर गवत आणि शेवंती मिळून, अगदी पातळ करून सुरुवात, दर आठवड्याला थोडं वाढवत. सोमवारी पहिलं. कुपी तूच कर, पातळ करण्याचं प्रमाण दुसऱ्या कोणाला जमत नाही इथे. जरा चुकलं तर माणूस टेबलावरच जातो, तुला सांगायला नको.

मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

२८ डिसें., रवि.

काल दुपारी कोपऱ्यावर टेम्पो. त्यातून कुंड्या. साठ. ड्रायव्हर आणि दोन मजूर डोक्यावर घेऊन एकेक करून आमच्या दारात मांडत गेले. मी दवाखान्यात होते, आले तेव्हा अर्ध्याअधिक उतरल्या होत्या. सोबत चिठ्ठी, या वेळी हाताने लिहिलेली: 'गणपत, यांना तुझ्याइतकं कोणी ओळखत नाही. माझ्याकडे आता ठेवता येत नाहीत. वर्तक.'

चार वेळा वाचली. आभार आहेत की सूड, कळत नाही. त्याला पक्कं माहीत आहे की बाबांनाही शेवंती चालत नाही, बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याला. तरी पाठवल्या. की विसरला? की बाबांना आवडतील एवढंच डोक्यात आलं? की माझ्यासाठी आहे हे?

बाबा कुंड्यांच्या मधोमध उकिडवे बसलेले. तांबूस-पिवळीची जून फुलं खुडून राहिले, नखाने माती उकरून काश्या बघून राहिले. सहा वर्षांत असा चेहरा पाहिला नव्हता त्यांचा. म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता टेम्पो परत बोलावते. म्हणाले, "थांब ना वं. फुलं तं उतरू दे."

"तुम्हाला माहीत आहे ना काय होतं ते? मी टोचून दाखवलं ना पाठीवर?"

"मले माहीत हाये," म्हणाले. हात थांबले नाहीत.

हाताला फडकं बांधून दिलं, ते अर्ध्या तासात सोडून ठेवलं. फडक्याने काशी कळत नाही म्हणे. मायला सांगितलं, बेबीला सांगितलं, दोघी म्हणतात, दोन दिवस राहू दे त्यांना. बेबी रडली. पार्वताबाईने तिच्या बाजूच्या चार कुंड्या काठीने आमच्याकडे ढकलल्या.

आज सकाळपासून बाबा शिंकत आहेत. पापण्या सुजल्या आहेत. मला बघितलं की रुमाल लपवतात.

कुंड्या मी फेकीन, उद्या संध्याकाळी आले की फेकीन, असं मी पाच वेळा ठरवलं. आत्ताही ते बाहेर गुणगुणत आहेत.

शेवंतीचा अर्क तयार आहे, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये, घट्ट. व.ची कुपी अजून पातळ केलेली नाही. उद्या अकरा वाजता तो येणार आहे, मी नऊला जाईन.